इंजिन खोललंय, गिअरबॉक्स आणि क्लचमधलं काय बदलायचं आणि काय ठेवायचं, हे कसं ठरवायचं?

तुमच्या प्रश्नातली माहिती नेमकी आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. १५० सीसीची गाडी, ७२ हजार किलोमीटर, दुसरा गिअर अधूनमधून सुटतो, धुरामुळे इंजिन खोललं. मेकॅनिक म्हणतोय गिअरबॉक्सचा पूर्ण सेट आणि क्लच असेंब्ली बदला, आणि तुम्हाला तर सगळे पार्ट चकाचक दिसतायत.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये तपासणीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो, आणि पंधरा-सोळा वर्षं सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या गाड्यांची इंजिनं खोलतो.

आधी मेकॅनिकला फोन करा आणि सांगा, काहीही धुवू नका. तेलाची जाळी मळलेली असतानाच बघायची असते. बोटांत चोळल्यावर राखाडी मलम लागलं तर ती रोजच्या घासण्याची भुकटी आहे, घाबरायचं कारण नाही. कोपरा असलेला चकचकीत तुकडा सापडला, तर तो कुठल्या तरी दाताचा, बेअरिंगचा किंवा सर्क्लिपचा (शाफ्टवर गिअर जागेवर धरणारी कडी) आहे. तो कुठला हे कळेपर्यंत केस, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच (क्रँककेस), बंद करू देऊ नका.

आता दुसरा गिअर. आपल्या बाइकमध्ये गिअरचे दात कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. पायाने गिअर टाकला की शेजारचा गिअर शाफ्टवर सरकतो आणि त्याच्या बाजूला असलेले जाड खुंट, म्हणजे डॉग, समोरच्या गिअरच्या खाचेत जाऊन बसतात. त्यामुळे गिअर सुटत असेल तर बाहेरचे दात कितीही न्याहाळले तरी काही हाती लागत नाही. दात चकाकणं चांगलंच, तेलात नीट घासले गेल्याची ती खूण आहे. त्यांच्यावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले असतील तरच ती जोडी काढा.

डॉग मात्र गिअर उन्हात धरून बघा. दुसरा लागताना जो डॉग अडकतो तो शोधा आणि त्याच्या कडेवरून नख ओढा. चांगल्या डॉगची कड नखाला टोचते. झिजलेला डॉग साबणाच्या वडीसारखा गोल झालेला असतो, नख सरळ घसरतं. बऱ्याच गाड्यांत डॉगची भिंत किंचित आत तिरकी कापलेली असते, जोर आला की गिअर एकमेकांकडे ओढले जावेत म्हणून. कड गोल झाली की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो. इथे तुमची आठवण कामाला येईल: कात्रजचा घाट चढताना, थ्रॉटल देताना सुटायचा की उतरताना, थ्रॉटल सोडल्यावर? चढताना सुटत असेल तर डॉगची ओढणारी बाजू झिजलेली दिसेल, उतरताना सुटत असेल तर उलटी बाजू. लक्षण आणि खूण जुळली, की दोष सापडला. बदलताना डॉगवाला आणि खाचवाला, दोन्ही गिअर जोडीने बदला. कोणी कड ग्राइंडरवर परत काढून देतो म्हणाला तर नको म्हणा. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की आतलं मऊ पोलाद भराभर झिजतं.

डॉग झिजला की फोर्क, म्हणजे गिअर शाफ्टवर सरकवणारा काटा, तोही तपासायचाच, कारण बाहेर ढकलला जाणारा गिअर फोर्कवरच रेलतो. फोर्कची टोकं निळसर पडली असतील तर तिथे उष्णता झाली आहे, तो फोर्क गेला. टोक एकाच बाजूने घासलं असेल तर जोर कुठल्या बाजूने येत होता तेही कळतं. टोकाची जाडी आणि गिअरच्या खाचेची रुंदी मोजा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन्हींतली फट नवीन असताना ०.१ ते ०.३ मिमी असते आणि मर्यादा ०.५ च्या आसपास. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम माना. आणखी एक विचारतो: गिअर पेडलच्या मागच्या टोकावर टाच टेकवून चालवायची सवय आहे का? तो सततचा दाब थेट फोर्कवर येतो. ड्रमची (फोर्क हलवणारा खाचांचा दंडगोल) खाच आणि त्याची स्टॉपर स्प्रिंगही याच वेळी बघून घ्या, तिथे फार वेळ लागत नाही.

फोर्कबद्दल इतकं लिहितोय कारण मी स्वतः चुकलोय. एका मित्राच्या गाडीत दोन्ही गिअर नवे घातले, फोर्क "दिसायला बरा आहे" म्हणून मोजलाच नाही. तीन आठवड्यांनी खंबाटकीत गिअर सुटला. परत पूर्ण इंजिन उतरवलं, केस फोडली, नवीन पॅकिंग, नवीन तेल, दोन रविवार गेले. नव्या डॉगच्या कडाही तोवर मारल्या गेल्या होत्या.

तेव्हापासून मी पार्टचे दोन ढीग करतो. क्रँककेस परत फोडल्याशिवाय हाताला न लागणारे पार्ट एका ढिगात: फोर्क, डॉग, शाफ्ट, बेअरिंग, सर्क्लिप. त्यांना कडक नियम. मर्यादेच्या आत असले पण जवळ पोचले असले, तरी बदलतो. बाजूचं कव्हर काढून किंवा बाहेरूनच बदलता येतील ते दुसऱ्या ढिगात: क्लच, स्प्रॉकेट, चेन. त्यांना मर्यादेपर्यंत वापरायला हरकत नाही. तुमचं बजेट मोजकं असेल, तर पूर्ण क्लच असेंब्लीचे पैसे आधी पहिल्या ढिगाला द्या.

बेअरिंग पेट्रोलने धुवून पूर्ण सुकवा, मग बोटाने अगदी हळू फिरवा. वाळूचा कण अडकावा तसं किंचित कुठे अडखळलं, तर बदला. हवा मारून गरगर फिरवू नका, कोरडं बेअरिंग त्यानेच खराब होतं. नवीन आणताना जुन्यावरचा पूर्ण नंबर उतरवून घ्या. शेवटी सी३ असेल तर तेच हवं. त्यात आतली फट जास्त ठेवलेली असते, इंजिन तापल्यावर ती लागते. नाना पेठेत मागाल ते मिळतं, पण नुसता आकार सांगितलात तर साधं बेअरिंग हातात पडू शकतं.

क्लचमध्ये प्लेटच्या जाडीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, हाऊसिंगकडे, म्हणजे प्लेट ज्यात बसतात त्या बाहेरच्या वाटीकडे, फार कमी जणांचं. नळस्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबली आणि न्यूट्रल सापडतच नाही, असं होत असेल तर हाऊसिंगच्या बोटांवर प्लेटच्या कानांनी खाचा पाडल्या आहेत का बघा. प्लेट त्या खाचांत अडकतात, पूर्ण सुटत नाहीत. नखाला जेमतेम लागणारी खाच बारीक कानशीने साफ होते. खोल असेल तर हाऊसिंग बदलावं लागेल. लोखंडी प्लेट जाड काचेवर ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा, वाकलेली असेल तर लगेच कळेल. नुसत्या निळ्या डागांवरून प्लेट फेकू नका, आधी सपाटपणा बघा.

चेन ४२८ मापाची असेल तर पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, १२.७ मिमी. चेन ताणून पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा: नवीन असते तेव्हा २५४ मिमी. २५८ च्या पुढे गेली की मी स्प्रॉकेटसकट किट बदलतो. पुढचं स्प्रॉकेट शाफ्टवर डुगडुगत असेल तर शाफ्टचे स्प्लाइन (स्प्रॉकेट ज्यांवर बसतं ते उभे दाते) बघा. ते झिजले असतील तर शाफ्ट पहिल्या ढिगात जातो, आणि हे केस उघडी असतानाच कळलेलं बरं.

केस बंद करण्याआधी स्वतः गॅरेजवर जा. शाफ्ट हाताने फिरवत ड्रमवरून पाचही गिअर टाकून बघायला सांगा, आणि केसचे बोल्ट आवळल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्या गिअरच्या डॉगचा आणि फोर्कच्या टोकांचा उजेडात काढलेला फोटो इथे टाकलात, तर बघून सांगतो.