"आजी, मुलाला घेऊन या"

काकू, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 72, ठाण्यात एकट्या राहता, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंत आणि बँकेतला मुलगा केवायसीचा फॉर्म पण हातात न देता म्हणतो "आजी, मुलाला घेऊन या". उठताना चक्कर येते असं डॉक्टरांना सांगितलं तर ते सुनेकडे बघून म्हणाले वयोमानानुसार होणारच. आणि आता तुम्ही मला विचारताय, गप्प बसायची सवय करून घेऊ का?

नाही काकू, अजिबात नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते तुमचं शेवटचं वाक्य, "हल्ली मीच सुनेला म्हणते तू बोल, मला काय कळतंय". असंच होतं बघा, चारचौघं सारखं आपल्याला वगळून बोलायला लागले की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं, मग बँकेत जाणं बंद, मग एकटीने रिक्षा करणं बंद. वयावरून माणसाला मोडीत काढणं हा भेदभावच आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्यावर अख्खा रिपोर्ट काढलाय, तेव्हा "मीच जास्त मनाला लावून घेते" हे आधी डोक्यातून काढा.

चक्कर मात्र आधी बघा, प्लीज. उठताना बीपी खाली येतं का, बीपीच्या गोळीचा डोस जास्त होतोय का, हिमोग्लोबिन, बी12, कानाचा काही त्रास, कितीतरी कारणं असतात आणि बऱ्याचशांवर उपचार आहेत. सरळ म्हणा, "डॉक्टर, माझं बीपी आडवं झोपवून आणि उभं करून दोन्ही वेळा मोजा". सुनेला आधीच सांगून ठेवा, डॉक्टर तुझ्याकडे बघून बोलले तर तू माझ्याकडे बघ. ती प्रेमाने येतेय, तिला हे नक्की जमेल. तरी टोलवलंच तर डॉक्टर बदला.

बँकेचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने 2017 लाच बँकांना सांगितलंय की ज्येष्ठांना काउंटरवर प्राधान्य द्या आणि सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्या. खातं तुमचं, सही तुमची, मुलगा कशाला हवा? मॅनेजरकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, 30 दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. एकटीने जड वाटलं तर 14567 ला फोन करा, ज्येष्ठांसाठीचीच हेल्पलाइन आहे.

आधी डॉक्टर, मग बँक. काय झालं ते मला कळवा, वाट बघतेय.