नर कोरड्या उतारावर, मादी ओलाव्याजवळ?

प्रश्न : आमच्याकडे ओढ्याकाठी शिंदीची झाडे आहेत, त्यांत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. वाळवंटी प्रदेशात अशा वनस्पतींचे नर कोरड्या जागी आणि माद्या ओलाव्याच्या जागी अधिक आढळतात, असे वाचले. हे खरे आहे काय? शिंदीलाही ते लागू पडेल काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : काही वनस्पतींबाबत हे खरे आहे. फ्रीमन, क्लिकॉफ आणि हार्पर यांनी १९७६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील यूटा राज्यातल्या पाच जातींची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत एफिड्रा आणि अ‍ॅट्रिप्लेक्स ही रखरखीत प्रदेशातील झुडपेही होती. या पाचही जातींचे परागण वाऱ्याने होते, आणि पाचांतही कोरड्या जागी नरांचे, तर ओलसर जागी माद्यांचे प्रमाण अधिक दिसले.

कारण मुख्यतः खर्चाचे आहे. पराग उधळले की नराचे त्या हंगामाचे काम संपते. मादीला मात्र फळे आणि बिया पोसण्यासाठी पुढेही पाणी व अन्नद्रव्ये लागतात, आणि नेमका तोच काळ कोरडा असला तर तिच्यावर ताण पडतो. शिवाय उघड्या उतारावरून पराग वाऱ्याबरोबर दूर जातात, हा नराचा वेगळा फायदा.

ही विभागणी घडते कशी, हा प्रश्न अधिक अवघड आहे. कोरड्या जागी माद्या अधिक मरत असतील. किंवा झाडेच लिंग बदलत असतील. अ‍ॅट्रिप्लेक्सच्या एका जातीत कडाक्याची थंडी किंवा दुष्काळ यांनंतर काही मादी झुडपे नर झालेली नोंदवली गेली आहेत. तिसरी शक्यता मोजणीतल्या फसगतीची, आणि माझ्या मते तिच्याकडे फार कमी लक्ष जाते : फुलोऱ्याशिवाय लिंग ओळखता येत नाही, आणि कोरड्या जागी मादी एखादे वर्ष फुललीच नाही, तर ती मोजणीतून सुटते व नर उगाचच जास्त भरतात.

शिंदीला हा नियम थेट लावू नये. केरसुण्यांसाठी तिचे झाप कापले जातात, कोठे कोठे रसासाठी खोडही छेदतात. त्यामुळे झाडाच्या फुलण्यावर माणसाचा हात असतो. मोजायचेच असेल, तर काठावरची आणि माळाकडची झाडे वेगवेगळी मोजावीत, न फुललेल्या झाडांचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि तीच झाडे सलग काही वर्षे पाहावीत.