काम परदेशी जाते तेव्हा शासनाच्या हाती काय असते?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत विद्युत मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी 17 वर्षे वायंडिंग विभागात कायम कामगार आहे. आमच्याकडे 112 कायम आणि सुमारे 240 कंत्राटी कामगार आहेत. गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी डाय (सुटे भाग घडवण्याचे साचे) काढून लाकडी पेट्यांत भरून नेण्यात आल्या. सोमवारी आम्ही आलो तेव्हा प्रेसखालच्या फरशीवर तेलाचे काळे चौकोन तेवढे उरले होते. हे काम आता व्हिएतनामला जाईल, तुम्ही स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरा, असे व्यवस्थापन सांगते. शासनाच्या परवानगीवाचून कारखाना बंद करताच येत नाही, असे आमचे जुने पुढारी म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पुढारी म्हणतात ते आपल्या कारखान्याच्या बाबतीत काही काळापूर्वीपर्यंत खरे होते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार 100 किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायचा असेल तर मालकाला 90 दिवस आधी शासनाकडे परवानगी मागावी लागे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा 300 वर नेली. त्यामुळे 112 हाच आकडा धरला तर आपल्या मालकाला परवानगीची गरज उरत नाही. 60 दिवस आधी शासनाला कारणांसह लेखी सूचना देणे एवढेच बंधन राहते. काम व्हिएतनामला चालले की आणखी कुठे, हा प्रश्न कायदा विचारत नाही. तो माणसे मोजतो.

म्हणूनच आपल्या पत्रातला दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 112 आणि 240 मिळून 352 होतात. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरची माणसे सामान्यतः कंपनीच्या संख्येत धरली जात नाहीत, परंतु ती आपल्याच लाइनवर, आपल्याच सुपरवायझरच्या हुकुमाने, तेच वायंडिंग करत असतील आणि कंत्राट निव्वळ कागदावरचे असल्याचे सिद्ध करता आले, तर संख्या 300 च्या पलीकडे जाते आणि परवानगीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. यासाठी गेटपास, पाळीचे तक्ते, सुपरवायझरच्या सहीच्या कामाच्या चिठ्ठ्या आजच जपून ठेवा. कारखान्याला कुलूप लागल्यावर हे कागद हाती लागत नाहीत. कायम कामगारांनी कंत्राटी सोबत्यांना आजवर युनियनबाहेर ठेवले असेल, तर त्याची किंमत आता कळेल, हेही स्पष्टच सांगितलेले बरे.

परवानगी नाकारली म्हणजे यंत्रे सुरू झाली, असे मात्र समजू नका. तळेगावच्या जनरल मोटर्सचे उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले. महाराष्ट्र शासनाने कारखाना बंद करण्याची परवानगी नाकारली, तरी गाड्या काही पुन्हा निघाल्या नाहीत, आणि 2023 मध्ये तो कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईने केला. शासनाने गिरणीच ताब्यात घेतली तर काय होते, तेही नागपूरने पाहिले आहे : 1877 मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल 1986 मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि 2002 मध्ये बंद पडली. बंदी लांबली, टळली नाही.

याहून परिणामकारक ठरते ती सवलतींची वसुली. 2008 मध्ये नोकियाने जर्मनीतील बोखुमचा कारखाना बंद करून काम रुमानियातील क्लुजला नेले, तेव्हा जर्मनीतील त्या राज्याच्या सरकारने दिलेले अनुदान परत मागितले आणि कंपनीला तडजोड करून पैसे मोजावे लागले. (पुढे 2011 मध्ये क्लुजचा कारखानाही बंद करण्याचे जाहीर झाले.) आपल्याकडेही राज्य शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून विदर्भातल्या उद्योगांना वीज शुल्क, मुद्रांक शुल्क आणि कराच्या परताव्याच्या सवलती मिळतात. आपल्या कंपनीने कोणत्या सवलती घेतल्या, कोणत्या अटींवर आणि किती वर्षांसाठी, ही माहिती जिल्हा उद्योग केंद्राकडे माहिती अधिकारात मागा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. कारखान्याचा भूखंड एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावर असेल, तर तो दुसऱ्याच्या नावे करताना महामंडळाची परवानगी लागेल. कामगारांची देणी बाकी असल्याची लेखी हरकत त्याआधीच तिथे नोंदवून पोच घ्या.

आता स्वेच्छानिवृत्तीबद्दल. हिशेब लेखी हाती येईपर्यंत सही करू नका, कारण स्वेच्छेने निवृत्त झालेला कामगार कपातीच्या, म्हणजे मालकाने कामावरून कमी करण्याच्या, व्याख्येत बसत नाही आणि त्या भरपाईवरचा हक्क गमावतो. कारखाना बंद झाल्यास एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन देय ठरते. घाटा झाला, माल पडून राहिला, अशा सबबींवर मालकाला ही रक्कम तीन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित करता येत नाही. ग्रॅच्युइटी याहून वेगळी : मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये असेल, तर त्याला 26 ने भागून 15 ने गुणल्यावर 15,000 येतात आणि 17 वर्षांचे 2,55,000 रुपये होतात. व्यवस्थापनाच्या देकारात ही रक्कमही मिसळलेली असेल, तर ते तुमचेच पैसे तुम्हाला बक्षीस म्हणून देत आहेत. सर्वांनी मिळून अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटासाठी अर्ज करा, आणि 60 दिवसांची सूचना खरोखर दिली आहे का, हे तिथेच आधी विचारा.

प्रश्न : मिहानमधील एका कंपनीत मी टीम लीडर आहे, पगार 32,000 रुपये. आमचे काम मनिलाला जात आहे. वरील संरक्षण मला मिळेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पद काय म्हणते यापेक्षा आपण दिवसभर काय करता, यावर ते ठरेल. मुख्यतः देखरेखीचे काम करणारा आणि 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा संहितेनुसार ‘कामगार’ ठरत नाही. आपण स्वतःही कॉल घेत असाल, रजा मंजूर करण्याचा किंवा कारवाईचा अधिकार आपल्याकडे नसेल, तर दावा करण्यास वाव आहे. ग्रॅच्युइटीला मात्र ही वेतनमर्यादा आड येत नाही. पाच वर्षे सलग सेवा झाली असेल, तर ती आपल्याला मिळायलाच हवी. नेमणूकपत्रातील नोटीस कालावधीचे कलमही आज पाहून ठेवा, कारण संहिता आपल्याला लागू ठरली नाही तर भांडण त्याच कलमावर होईल.