मॅचच्या रँक लिस्टमध्ये मोठं नाव वर टाकायचं का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी पोडियाट्रीच्या, म्हणजे पावलाच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. आता रेसिडेन्सीचे (डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगचे) इंटरव्ह्यू झाले की आवडीच्या क्रमाने हॉस्पिटलांची रँक लिस्ट द्यायची आणि मार्चमध्ये मॅच, म्हणजे दोन्हीकडच्या पसंतीवरून कोणाला कुठे जागा ते ठरतं. तिला एक मोठ्या नावाचं युनिव्हर्सिटी हॉस्पिटल मिळेल असं वाटतंय, पण तिला स्वतःला आवडलंय ते एक लहान गावातलं कम्युनिटी हॉस्पिटल. आम्ही दोघं म्हणतोय मोठं नाव वर टाक. दुसरं म्हणजे सांगलीला सासरी सगळे विचारतात की पायाची डॉक्टर म्हणजे काय, हाडांची डॉक्टर का नाही झाली, आणि खरं सांगते मलाही नीट उत्तर देता येत नाही. – एक आई

उत्तर: आधी सांगलीचं बघू. आपल्याकडे मुलगी एमबीबीएस करते, मग तीन वर्षं एमएस ऑर्थो, आणि पाऊल-घोट्याचंच काम करायचं असेल तर त्यापुढे फेलोशिप. अमेरिकेत पावलाच्या सर्जरीपर्यंत जायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे एमडी किंवा डीओ (दोन्ही तिकडच्या डॉक्टरकीच्या डिग्र्या) होऊन पाच वर्षं ऑर्थो रेसिडेन्सी आणि वर एक वर्ष फूट अँड अँकल फेलोशिप. दुसरी तुमच्या मुलीची, म्हणजे कॉलेजनंतर चार वर्षांची डीपीएम, म्हणजे पोडियाट्रीची, डिग्री आणि मग तीन वर्षं हॉस्पिटलमध्ये रेसिडेन्सी. ही दुसरी वाट नवी नाहीये, न्यूयॉर्कचं पोडियाट्री कॉलेज १९११ सालचं आहे. फरक इतकाच की ऑर्थोवाला आधी सगळं शरीर शिकून शेवटी पावलाशी येतो आणि ही पहिल्यापासून पाऊल हातात घेऊन बसते. त्या तीन वर्षांत तिला मेडिसिन, इमर्जन्सी, अ‍ॅनेस्थेशिया, जनरल सर्जरी, इन्फेक्शनवाले यांच्याकडेही रोटेशन असतं, त्यामुळे ती खरी डॉक्टर का हा प्रश्न सासरच्यांनी मनातून काढून टाकावा.

आता रँक लिस्ट. मी स्वतः यातून गेलेय म्हणून स्पष्ट सांगते, नाव बघू नका, रेसिडेंटच्या हातात काय येतं ते बघा. प्रत्येक रेसिडेंटला आपली एकेक केस लॉग करावी लागते आणि पास व्हायला किमान आकडे ठरलेले आहेत: ३०० सर्जिकल केसेस, त्यात फर्स्ट असिस्टंट म्हणून बोटांच्या ८०, अंगठा आणि त्याच्या मागच्या लांब हाडाच्या ६०, आणि ज्या प्रोग्रॅमला मागच्या पावलाची आणि घोट्याची मान्यता आहे तिथे त्या प्रकारच्या ५०. फर्स्ट असिस्टंट म्हणजे नुसतं रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभं राहणं नव्हे, अटेंडिंग म्हणजे वरचे डॉक्टर समोर उभे असताना काम तुम्ही करायचं. पण हे किमान आकडे आहेत हो, किमानावर समाधान मानणारा प्रोग्रॅम आणि दुसऱ्या वर्षातच ते आकडे ओलांडून जाणारा प्रोग्रॅम यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

म्हणून तिला सांगा, दोन्हीकडच्या थर्ड इयरच्या रेसिडेंटला फोन कर आणि एकच प्रश्न विचार, रात्री दोन वाजता इमर्जन्सीत घोट्याचं फ्रॅक्चर आलं तर कॉल कोणाला जातो? मोठ्या हॉस्पिटलमध्ये बऱ्याचदा ऑर्थोचे रेसिडेंट असतात, वर फेलो असतात, मग घोटा, टाचेचं हाड हे सगळं तिकडे जातं आणि पोडियाट्रीवाल्यांच्या वाट्याला नखं आणि जखमा उरतात. सगळीकडे असंच असतं असं अजिबात नाही, काही मोठ्या ठिकाणी दोन्ही टीम मिळून उत्तम काम करतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही. लहान हॉस्पिटलमध्ये ऑर्थोचा प्रोग्रॅमच नसेल तर तो कॉल हिलाच येईल.

आणि जखमांना कमी लेखू नका, मी तर म्हणेन या ट्रेनिंगचा जीव तिथेच आहे. माझं पहिलं वर्ष, नाइट कॉल, डायबेटिसचे एक आजोबा, अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलेलं. मी पाय बघितला, एक्सरे बघितला, सकाळी बोट काढायचं असं लिहून ओटीत नावसुद्धा लावलं. सीनियर पहाटे आली आणि म्हणाली, पल्स? मी बोटांनी चाचपलं होतं, काहीतरी लागल्यासारखं वाटलं होतं, पण डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र) लावलाच नव्हता. तिने लावला तर पावलाच्या वरच्या धमनीवर आवाजच नाही. केस थांबवली, व्हॅस्क्युलरवाल्यांनी (रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी) आधी अँजिओप्लास्टी करून रक्त खाली आणलं आणि मग चार दिवसांनी बोट काढलं, जखम भरली. रक्त पोचत नसताना मी कापलं असतं तर ती जखम चिघळत गेली असती आणि आजोबांचा पाय वरपर्यंत गेला असता. त्या रात्रीपासून आजतागायत मी डॉपलर लावल्याशिवाय सुरी उचललेली नाही. म्हणून तिने हेही विचारावं की व्हॅस्क्युलर टीम त्याच बिल्डिंगमध्ये आहे का, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांच्या पाठीशी रात्री सीनियर असतो का.

अजून एक, पुढे नोकरी कोणत्या राज्यात करायचीय त्याचा आत्ताच विचार करा, कारण पोडियाट्रिस्टने घोट्याला हात लावायचा की नाही हे राज्याचा कायदा ठरवतो, न्यूयॉर्कमध्येच ती परवानगी २०१४ ला सुरू झाली.

माझं मत विचाराल तर तिला जे आवडलंय ते वर टाकू द्या, पण ते दोन फोन झाल्यावरच.

प्रश्न: मी नाशिकला एमएस ऑर्थो केलंय, फूट अँड अँकलची फार आवड आहे. अमेरिकेतली ही तीन वर्षांची पोडियाट्री रेसिडेन्सी मला थेट करता येईल का?

उत्तर: नाही. ती फक्त डीपीएम झालेल्यांसाठी आहे, तुझ्या एमएसचा तिथे उपयोग नाही. यूएसएमएलई (अमेरिकेची डॉक्टरकीची परीक्षा) देऊन तिकडे ऑर्थो रेसिडेन्सी मिळवणं बाहेरच्यांना फार अवघड जातं, आणि तुझी तर ती एकदा झालेलीच आहे. त्यापेक्षा फूट अँड अँकलची फेलोशिप बघ, भारतात होतात, बाहेरही होतात, आणि निवडताना अशी जागा शोध जिथे बनियन (अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड) आणि लिगामेंटबरोबर डायबेटिक फूटही भरपूर येतं. शारको फूट (नसा बधिर झाल्याने आतली हाडं ढासळणारं पाऊल) ओळखायला शीक. पाय लाल, गरम, सुजलेला, पेशंट म्हणतो फार दुखत नाही, जखमही नाही, आणि सेल्युलायटिस (त्वचेखालचं इन्फेक्शन) समजून अँटिबायोटिकवर आठवडे जातात, तोपर्यंत आतली हाडं चुरगळून पाऊल सपाट झालेलं असतं. वेळेत टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला सगळीकडून नीट टेकणारं प्लास्टर) घातलं आणि वजन टाकायचं थांबवलं तर पावलाचा आकार वाचू शकतो. हे कास्ट स्वतःच्या हाताने घालायला शिकवतात का, हे फेलोशिपच्या इंटरव्ह्यूत तूच त्यांना विचार.