पर्फच्या शेवटी 'लॉस्ट चंक्स' असा इशारा आला, तर ते प्रोफाइल धरायचं की टाकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १६ कोरच्या लिनक्स सर्व्हरवर ड्वार्फ कॉल-ग्राफ (कोणतं फंक्शन कोणी बोलावलं ते डीबग माहितीवरून काढायची पद्धत) लावून पर्फ रेकॉर्ड (वेळ कुठे जातो त्याचे नमुने टिपणारं लिनक्सचं साधन) चालवलं, शेवटी 'इतके इव्हेंट प्रोसेस झाले, इतके चंक हरवले, आयओ किंवा सीपीयूवरचा ताण बघा' असा इशारा आला, आणि भागाकार केला तर हरवलेलं २ टक्केसुद्धा भरत नाही. मग सोडून द्यायचं का?

आधी तो भागाकार सोडा. चंक म्हणजे हरवलेला एक इव्हेंट नव्हे. इशाऱ्यातला आकडा फाइलमध्ये 'लॉस्ट' नावाच्या नोंदी किती आहेत तेवढंच सांगतो, आणि अशा एका नोंदीत पाच इव्हेंट गेलेले असतील नाहीतर पाच हजार. कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रत्येक कोरच्या रिंग बफरमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या तात्पुरत्या साठ्यात, नमुने (म्हणजे हेच इव्हेंट) टाकत जातो, पर्फ ते उचलून फाइलमध्ये लिहितो. बफर भरला की कर्नल थांबत नाही, फक्त किती सुटले ते मोजत राहतो आणि जागा झाली की पुढच्या नमुन्याच्या आधी तो आकडा लिहून टाकतो. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची झुंबड उडाली आणि कारकुनाने 'मधल्या एवढ्या गाड्या लिहायच्या राहिल्या' अशी एकच ओळ रजिस्टरला मारली, तसं. ओळी मोजून ऊस किती गेला ते कळत नाही.

मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की नमुने कधी हरवले. पर्फ हीसुद्धा एक साधी प्रोसेसच आहे, तिलाही सीपीयूवर पाळी मिळावी लागते. मशीन जेव्हा सगळ्यात जास्त दबलेलं असतं तेव्हाच तिला पाळी मिळत नाही, आणि बफर तेव्हाच ओसंडतो. म्हणजे ज्या क्षणासाठी तुम्ही प्रोफाइल घेताय, नेमका तोच गायब.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्ट्यांची रीडिंग गोळा करणारा सर्व्हर आम्ही सांभाळतो. शिफ्ट बदलताना डॅशबोर्ड गोठायचा, आणि प्रोफाइल बघावं तर सगळं आलबेल. मग फाइलमधल्या नोंदी ओळीओळीने दाखवणाऱ्या पर्फ स्क्रिप्टला 'शो लॉस्ट इव्हेंट्स' हा पर्याय दिला. प्रत्येक 'लॉस्ट' ओळीला कोरचा नंबर आणि टाइमस्टॅम्प असतो. त्या ओळी वेळेनुसार लावल्या तर जवळजवळ सगळ्या रिपोर्ट तयार होतानाच्या काही सेकंदांत, आणि ठरावीक तीनच कोरवर. बाकीचा वेळ जवळजवळ एकही नमुना गेलेला नव्हता. एकूण टक्केवारी किरकोळ होती, पण त्या सेकंदांपुरतं बघाल तर हातात काहीच नव्हतं. तेव्हा तुम्हीही पहिल्यांदा हीच यादी काढा.

आता गळती कमी करायचं. ड्वार्फमध्ये प्रत्येक नमुन्याबरोबर मूळ सेटिंगनुसार ८१९२ बाइट स्टॅक (चालू फंक्शन कॉलची मेमरी) कॉपी होतो. नेहमीची वारंवारता सेकंदाला ४००० नमुने, म्हणजे पूर्ण व्यस्त कोरमागे सेकंदाला सुमारे ३३ एमबी आणि १६ कोरचे ५०० एमबीच्या वर. एवढा लोंढा लिहायला नुसता बफर वाढवून भागणार नाही. वारंवारता ९९ वर आणा (१०० नको, टायमरच्या तालात नमुने पडतात) आणि प्रोग्राम फ्रेम पॉइंटर (कॉलची साखळी थेट शोधून देणारा दुवा) ठेवून कंपाइल करून ड्वार्फला रजा द्या. आमच्याकडे एवढ्यानेच गळती थांबली. तरी उरली तर 'एम' पर्यायाने बफरची पानं वाढवा, पण दोनाच्या घातात. साध्या युजरला कोरमागे ५१६ केबीची मर्यादा आडवी येते, रूटला नाही. पर्फला रिअल-टाइम प्राधान्य देता येतं, आणि आउटपुट रॅममधल्या फाइल सिस्टीमवर टाकता येतं. ज्या डिस्कचा संशय आहे तिच्यावरच प्रोफाइल लिहीत बसू नका. आणखी एक, अख्ख्या सिस्टीमवर राइट सिस्टीम कॉल ट्रेस करत असाल तर पर्फचं स्वतःचं लिहिणंही त्यात येतं आणि स्वतःच स्वतःला पूर आणतं.

एक गळती मात्र 'लॉस्ट'मध्ये दिसतच नाही. नमुना घ्यायला कर्नलला जास्त वेळ लागायला लागला की तो स्वतःच कमाल वारंवारता खाली ओढतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) 'पर्फ: इंटरप्ट टुक टू लाँग' अशी ओळ शोधा. तिथे नमुने घेतलेच गेलेले नसतात, मग हरवलेले म्हणून मोजणार कोण?

राहिलं २ टक्क्यांचं. नुसते सीपीयूचे नमुने असतील आणि गळती सगळीकडे सारखी पसरलेली असेल, तर खरोखरचे २ टक्के गेले तरी मी ते प्रोफाइल बिनधास्त वापरीन. पण शेड्यूल-स्विचसारखे (सीपीयू एका कामावरून दुसऱ्यावर गेला की नोंद करणारे) ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नलमधल्या नोंदीच्या ठरलेल्या जागा, जोडीने लावून थांबण्याचा वेळ काढत असाल तर एक इव्हेंट गेला तरी जोडी चुकते आणि मिलिसेकंदाचा थांबा सेकंदाचा दिसतो. तिथे 'लॉस्ट' नोंदीच्या आजूबाजूचा त्या कोरचा हिशोब मी धरतच नाही. हेच काम एफट्रेसने (कर्नलमध्येच असलेल्या ट्रेसिंगच्या सोयीने) करत असाल तर प्रत्येक सीपीयूच्या फोल्डरमधली 'स्टॅट्स' फाइल बघा: 'ओव्हररन' म्हणजे जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या गेल्या, 'ड्रॉप्ड इव्हेंट्स' म्हणजे नव्या आत आल्याच नाहीत. मूळ सेटिंग जुनं पुसायचं आहे, त्यामुळे ओव्हररन दिसला तर ट्रेसची सुरुवात गेली असं समजा, शेवट शाबूत असतो.