गावातल्या मुलामुलींमध्ये नेतृत्वगुण आणि जीवनकौशल्यं कशी रुजवायची?

तुम्ही लिहिलंय की शिबिरं घेतली, वक्ते बोलावले, प्रमाणपत्रं वाटली, तरी नंतर एकही मुलगा-मुलगी आपणहून पुढे येत नाही. मी गावातल्या तरुण गटांबरोबर बरीच वर्षं काम करते आहे, त्या अनुभवावरून सांगते: शिबिरं तूर्त थांबवा आणि त्यांच्या हाती एक खरं काम सोपवा. ज्यात पैसा आहे, तारीख ठरलेली आहे आणि बिघडलं तर सगळ्यांना कळणार आहे, असं काम.

वाचनालय चालवणं, क्रीडास्पर्धा भरवणं, रोपवाटिका करणं, काहीही चालेल. जमाखर्च मात्र मुलांनीच लिहायचा आणि बैठकीत सर्वांसमोर वाचायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात मांडलेली दहा जीवनकौशल्यं तुम्ही शिबिरात फळ्यावर लिहिली असतील: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, संवाद, समानुभूती, ताण आणि भावना हाताळणं वगैरे. हिशेबाच्या एका बैठकीत त्यातली बहुतेक कामाला लागतात.

एका बैठकीत खजिनदार मुलगी खर्च वाचत होती आणि वहीतली शिल्लक हातातल्या रकमेशी जुळेना. दोन मुलांनी लगेच आवाज चढवला. ती मान खाली घालून गप्प झाली. शेजारी बसलेली मोठी माणसं बोलायला उतावीळ झाली होती, त्यांना मी हातानेच थांबवलं. थोड्या वेळाने तिने सगळ्या पावत्या जमिनीवर तारखेप्रमाणे मांडल्या आणि आवाज चढवणाऱ्यांपैकी एकाला आकडे वाचायला बसवलं. चुन्याची पावती वहीत चढलीच नव्हती, सामान आणणाऱ्याच्या खिशात राहिली होती. पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा नियम त्या गटाने तिथेच केला आणि पुढे कसोशीने पाळला. मी सांगितला असता तर तो वहीच्या पहिल्या पानावरच राहिला असता.

म्हणून आपल्यासारख्यांसाठी सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे गप्प बसणं. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांचा १९३९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट करून त्यांना वेगवेगळ्या पद्धतीने वागणारे प्रौढ म्होरके दिले होते. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम ढेपाळायचं. सगळ्यांना विचारून ठरवणाऱ्याच्या गटात मात्र तो नसतानाही काम बऱ्यापैकी तसंच चालू राहायचं. तुमच्या गटातही हे करून पाहा: एखादी बैठक मुद्दाम चुकवा आणि दुसऱ्या दिवशी इतिवृत्त वाचा. त्यात ठराव दिसतात की नुसती हजेरी, यावरून पुष्कळ कळतं.

मुलांना व्यासपीठावर बसवून त्यांच्याकडून आपलंच भाषण वाचून घेणं, हे तर मला अजिबात पटत नाही. रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी १९९२ साली मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात अशा शोभेपुरत्या सहभागाला खालच्या तीन पायऱ्यांवर टाकलंय आणि त्याला ते सहभाग मानतच नाहीत.

खरं काम द्या म्हणते, तर ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये १९०२ साली ए. बी. ग्रॅहम या शाळा अधीक्षकांनी शेतकऱ्यांच्या मुलामुलींचं मंडळ काढलं. मुलं स्वतः मका लावायची, माती तपासायची. तिथली मुलामुलींच्या मंडळांची ‘फोर-एच’ चळवळ अशातूनच वाढली. त्या काळात शेतीतल्या नव्या पद्धती मोठ्यांच्या गळी उतरत नसत. मुलं त्या करून दाखवत आणि मग घरची मंडळीही वळत.

दोन गोष्टी सहज निसटतात. एक, बैठकीची वेळ. शेतीचा हंगाम आणि घरकाम पाहून वेळ ठरवली नाही तर मुली हळूहळू गळतात आणि आपण म्हणतो त्यांना रस नाही. वेळ मुलींना विचारूनच ठरवा. दुसरी, गाव सोडून जाणं. शिक्षणासाठी, कामासाठी तयार झालेली मुलं जाणारच, त्यांना अडवू नका. प्रत्येक पदाला वयाने लहान असा एक जोडीदार पहिल्या दिवसापासून द्या आणि पदं ठराविक मुदतीने बदला. सतत बोलणाऱ्याच मुलाला अध्यक्ष करण्याचा मोहही टाळा. अबोल मुलांना आधी इतिवृत्त लिहायला द्या, कारण ते वाचून दाखवताना बोलावंच लागतं.

सुरुवात करताना त्यांना विचारा, गावातली कोणती गोष्ट तुम्हाला रोज खटकते? उत्तरांतलं सगळ्यांत लहान, महिन्या-दोन महिन्यांत पुरं होईल असं काम त्यांनाच निवडू द्या. थोडी रक्कम आणि एक कोरी वही त्यांच्या ताब्यात द्या, आणि पुढच्या बैठकीला मागच्या रांगेत बसा.