साइटवर फोटो टाकण्याआधी एवढं करा

पैठणीच्या दुकानाची पहिलीच साइट करताय, छान! फोटो जड होणं ही सुरुवातीची नेहमीची अडचण, आणि ती हमखास सुटते.

आधी फोटोचं माप कमी करा. मोबाइलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा, तीन-चार एमबीचा असतो. पानावर तो ८०० पिक्सेल रुंदीत दिसणार असेल, तर त्याच्या दुप्पट, म्हणजे १६०० पिक्सेल रुंदी पुरे; दाट पिक्सेलच्या स्क्रीनवरही फोटो स्पष्ट दिसतो. बहुतेक जण मूळ फोटो तसाच चढवतात आणि कोडमध्ये रुंदी कमी करतात. त्याने फोटो लहान दिसतो, पण गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर उतरते ती अख्खी फाइल.

मग स्क्वूश (squoosh.app) हे फोटोची फाइल हलकी करणारं टूल उघडा. फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं. वेबपी (WebP, वेबसाठीचा हलका फोटो-फॉरमॅट) निवडा, क्वालिटी ७५ ठेवा आणि मूळ व नव्या फोटोच्या मधली पट्टी सरकवत पदरावरचा मोर नीट बघा. जरीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर ८०-८५ करा. आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा.

आणखी काही:
- मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपा. जेपेग (JPEG, फोटोंचा नेहमीचा फॉरमॅट) पुन्हापुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा बिघडतो.
- साडीच्या फोटोला पीएनजी (PNG) फॉरमॅट नको, फाइल उगाच फुगते. लोगोला मात्र चालेल.
- ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोला जोडलेल्या वर्णनात, ‘फोटो १’ नको, ‘जांभळी पैठणी, मोराचा पदर’ असं लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.

srcset (स्क्रीननुसार वेगळ्या मापाचा फोटो देणं), लेझी लोडिंग (फोटो दिसायच्या वेळीच उतरवणं) वगैरे सध्या राहू द्या. आधी दहा फोटो असे तयार करा आणि वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर पान किती पटकन उघडतं ते बघा.